चाकाला तेल

जाफराबादेत ब्रेकचं काम चांगलं कोण करतं, असं विचारलं की लोक माझं नाव सांगायचे. सांगायचे म्हणतोय, हे ध्यानात घ्या. मी राजानंद. स्टँडमागं माझं गॅरेज आहे, आणि सध्या तिथं बसून माश्या मारतो.

बिरूचा पिकअप जुना, मेंढरं वाहून वाहून पत्रा सडलेला. ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढायची. चाकं काढली तर उजव्या कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याचा, पिस्टन गंजून बसलेला. सगळा भार डाव्या बाजूच्या पॅडवर, आणि तो झिजून लोखंड डिस्कला घासत होतं. मी डिस्क लेथवर सारख्या करून घेतल्या, दोन्ही कॅलिपर नवे टाकले, पॅड नवे टाकले, ब्रेकच्या पाइपातली हवा काढली; ती राहिली तर पेडल नुसतं आत जातं, गाडी थांबत नाही. बिरू शाळेपासूनचा दोस्त, आणि त्याच्या आईच्या, कडूबाईच्या हातची भाकरी खाऊन मी वाढलोय. म्हणून ट्रायल स्वतः घेतली. पेडल घट्ट, गाडी जागच्या जागी उभी राहत होती.

कडूबाई पूजेची पिशवी घेऊनच आली होती. "नवं सामान टाकलं, अन् तशीच न्यायची का गाडी?"

आमच्या घरात आजोबांनी धम्म स्वीकारल्यापासून असलं काही नाही. दुसऱ्याच्या पूजेत आपण उगाच कडमडू नये, म्हणून मी समोर चहा प्यायला गेलो. नारळ फुटला, खोबरं हातात आलं, मायलेक गाडीत बसून गावाकडं निघाले.

चहाची चव तोंडात होती तोवर फोन आला. उतारावरच्या पुलाला गाडी धडकली होती. बिरूला खरचटलं होतं, कडूबाईचा हात मोडला होता. तिला कुणीतरी जीपनं दवाखान्यात नेलं होतं.

"ब्रेक मारून राह्यलो, मारून राह्यलो, गाडी थांबंच ना!" मी पुलापाशी पोचलो तसा बिरू म्हणाला.

मी तिथंच चाक खोललं. जळक्या तेलाचा वास नाकात गेला. डिस्कवर तेलाचे ओघळ, पॅड भिजून चिंब. दुसऱ्या चाकाची तीच गत. मी बिरूकडं बघितलं. त्याचं तोंड पांढरं पडलं.

"आईनं घातलं," तो म्हणाला. "बैलगाडीला नवं चाक बसवलं की आसाला तेल घालायची ना ती, तसंच. रिमच्या भोकातून. बाटली मीच धरली व्हती. मला वाटलं, दोन थेंब टाकंल."

मी कपाळावर हात मारला. मग तो माझ्या पाया पडायलाच निघाला. "तिला सांगू नको, राजा. सोताच्या हातानं झालं कळलं तर अन्नाला शिवायची न्हाई ती."

"नाही सांगत," मी म्हणालो. "सामान खराब निघालं म्हण."

तो बरं म्हणाला. आणि स्टँडवर, बाजारात, जिथं चार माणसं भेटली तिथं त्यानं सांगितलं की राजाच्या हातून ब्रेकमध्ये हवा राहिली. मी जाऊन त्याची गचांडी धरली.

"सामानाचं सांगितलं तर दुकानदार कॅलिपर खोलून बघंल," तो म्हणाला. "अन् तेल निघालं म्हंजे? लोक काय, इसरून जात्याल."

तेव्हापासून मी त्याचं तोंड बघत नाही. लोक विसरले नाहीत, हेही सांगतो.

परवा बाजाराच्या दिवशी एक टेम्पोवाला ब्रेक दाखवायला आला होता. कितीतरी दिवसांनी आलेलं गिऱ्हाईक. मी जॅक लावत होतो, तेवढ्यात कडूबाई आली. हात प्लास्टरमध्ये, मागं बिरू. रस्त्यावरची माणसं थांबली.

"राजा, तोंड पाडून बसू नको रं," ती म्हणाली आणि चांगल्या हातानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "माणूसच हाय, चुकतं. म्या तुला माफ केलं. तुझ्याबद्दल मनात काई न्हाई माझ्या."

तिचे डोळे भरले होते. बिरू खाली मातीकडं बघत होता. सगळं माझ्या ओठांवर आलं होतं, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या म्हातारीचा राग आला.

"चुकलं, मावशी," मी म्हणालो.

टेम्पोवाल्यानं ते ऐकलं. जॅक काढायला सांगितला आणि गाडी चालू करून निघून गेला.