हार घातलेली चाळण

मित्रांनो, मी एक जुनी चाळण आहे. परवापर्यंत कुपवाडच्या एका किराणा दुकानात मी भिंतीवर टांगलेली होते आणि माझ्या गळ्यात प्लास्टिकच्या झेंडूचा हार होता. चाळणीला हार! त्या शोभेची मला अगदी किळस यायची.

साताऱ्याच्या एका कारागिराने पत्र्याला एकेक भोक पाडून मला घडवले. दुकानाचे मालक रायगोंडा अण्णांनी मला आणले ते राबायला. गिऱ्हाइकासमोर डाळ चाळल्याशिवाय ते पुडी बांधत नसत. खाली किडे पडले, तर चिमूटभर डाळीसकट डब्यात घेऊन मागच्या लिंबाखाली सोडत. जैनाचे दुकान ते! जीव मारायचा नाही आणि गिऱ्हाइकाला खाऊही घालायचा नाही. एवढ्यासाठी साळूबाई चाळीस वर्षे वाटेतली चार दुकाने सोडून यायच्या.

अण्णा वारले आणि त्यांचे चिरंजीव भरतेश यांना नको ती अक्कल सुचली. काचा आल्या, गार हवा आली, डाळ चकचकीत पाकिटांत गेली. वर छापले, ‘अण्णांच्या चाळणीतून निवडलेली’. धादांत खोटे! वर्षभरात माझ्यातून एक दाणा गेला नव्हता. पाणी गाळून पिणारा हा माणूस डाळ मात्र चाळत नव्हता.

परवा साळूबाईंनी एक पाकीट उजेडाला धरले. आत किडे वळवळत होते.

“मावशी, बदलून देतो की,” भरतेश म्हणाला.

“बदलून काय करू? तुझा बा जीव बाहीर सोडायचा. तू कोंडून विकाय लागलास व्हय रं? आता मी काय ह्या दुकानात यायची न्हाई.”

भरतेशचा चेहरा उतरला. तो स्टुलावर चढला, हार फेकून त्याने मला खाली काढले आणि पाकीट माझ्यात ओतले. पहिल्याच हिसक्याला निम्मी डाळ फरशीवर! असला आडदांड हात मी जन्मात पाहिला नव्हता.

“हळू, गड्या. मनगटानं हालीव,” म्हणत साळूबाई तिथेच बसल्या. “सगळी पाकिटं चाळ. मग दोन किलो नेते.”

संध्याकाळी भरतेश किड्यांचा डबा घेऊन मागे गेला. लिंब कुठे होता? गाड्या लावायला त्यानेच तोडला होता. शेवटी डबा हातात धरून तो रस्त्यापलीकडे दुसरे झाड शोधत निघाला.

मित्रांनो, दुकानात शिराल तेव्हा काचा पाहू नका. चाळण कुठे आहे, ते विचारा. दुकानदाराने भिंतीकडे बोट दाखवले, तर आल्या पावली परत फिरा.