आखाजीची बीटा

झुंबरलाल शेठ मुहूर्ताशिवाय शिंकतसुद्धा नसत, असं जळगावात सगळे म्हणत. केळी पिकवायच्या त्यांच्या थंड खोल्यांमध्ये तापमान सांभाळणारी नवी सिस्टीम घालायची ठरली तेव्हा त्यांनी आधी पंचांग काढलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया! साडेतीन मुहूर्तांतला एक. पक्की, स्टेबल आवृत्ती मात्र आखाजीनंतर चार दिवसांनी येणार होती.

"शेठजी, चार दिवस थांबा," तिथली संगणक इंजिनीअर सारिका म्हणाली. "आत्ता जी मिळतेय ती बीटा आहे. लोकांनी वापरून चुका कळवाव्यात म्हणून फुकट वाटलेली. कामाच्या मशीनवर घालू नका, असं बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय."

"लिहितात सगळे," शेठचा पुतण्या अखिल म्हणाला. तो पुण्यात दोन वर्षं राहून आला होता आणि तेवढ्यावर त्याला सगळंच कळत होतं. "आणि मॅडम, बीटा म्हणजे स्टेबलच्याही आधीची. जळगावात आपण पहिले!"

अशा माणसाशी वाद घालायचा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आखाजीला मॉनिटरला हार घातला, की-बोर्डवर कुंकू वाहिलं, पेढे वाटले आणि बीटा सुरू झाली.

आठवड्यातच पडद्यावरचं तापमान एका आकड्यावर गोठलं. खोली तापो की निवो, आकडा हलेना. सारिकाने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं तेव्हा तो हलला. तिने चूक नीट लिहून काढली आणि बनवणाऱ्यांना कळवू म्हणाली. अखिल केवढ्याने दचकला! "आपल्या घरातलं बिघडलेलं जगाला सांगायचं? लोक काय म्हणतील?" स्टेबल येऊन पडली होती, तीही घालू देईना. चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? असली अब्रू चुलीत घालावी, असं सारिकाला वाटलं.

तिचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. केळीची बाग असलेल्या भडगावच्या तिच्या सुकदेव नानांनी जुना व्यापारी सोडून यंदा पहिल्यांदाच माल इथे आणला होता. "बेटी, मना बठ्ठा माल तुना भरोसावर शे," असं म्हणून सगळा माल तिच्या भरवशावर सोडून ते गेले होते.

मग अधिक महिना लागला. सारिकाने पुन्हा विचारलं, तर शेठजींनी कानाला हात लावले. या महिन्यात नवं काही करायचं नसतं, महिनाभर थांब! बीटाच्या वेळी चार दिवस थांबायला यांना जमलं नव्हतं.

त्याच आठवड्यात, रविवारच्या सुट्टीत, आकडा पुन्हा गोठला. पडद्यावर गारवा होता आणि खोलीत भट्टी. सोमवारी सकाळी अखिल पडद्याकडे बघून खूश होता. "बघा, एक अंश इकडचा तिकडे नाही!" दार उघडलं तर नानांची केळी काळी पडून पाणी सोडत होती. नाना आले, एक फणी हातात घेऊन बघितली आणि हळूच परत ठेवली. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर सारिकाला बरं वाटलं असतं.

"मशीनचा दोष," अखिल म्हणाला. "फुकटचं ते फुकटचंच."

सारिकाने कुणाला न विचारता त्याच दुपारी स्टेबल घातली. ही चूक दुसऱ्या देशातल्या कुणीतरी लाज न बाळगता कळवली होती आणि ती दुरुस्त झाली होती. आकडा खोलीबरोबर हलू लागला. तिने नानांना फोन करून उरलेला माल पाठवायला सांगितलं. या वेळी ती स्वतः जबाबदार होती.

दुसऱ्या दिवशी शेठजींना कळलं.

"अधिक महिन्यात? मला न विचारता?" ते कडाडले. "अखिल, काढ ते! मुहूर्तावर घातलेलं परत घाल."

"शेठजी, त्यानेच माल सडला!"

"तू मुहूर्त मोडलास. आणखी काय सडेल सांगता येत नाही."

अखिल खुर्चीत बसला आणि त्याने कौतुकाने बीटा परत चढवली. सारिका बाहेर आली. नानांची मालाची गाडी वाटेत पाचोऱ्यापर्यंत पोचली होती. तिने फोन लावला.

"नाना, गाडी माघारी फिरवा. जुन्या व्यापाऱ्याकडे न्या."

"का वं बेटी? मशीन नीट व्हयनं ना?"

"व्हयनं व्हतं, नाना," सारिका म्हणाली. "शेठले चालनं नही."