तीन किल्ल्यांची पेटी

आमच्या चर्चच्या मंडळीच्या दानपेटीला तीन कुलपं आहेत. किल्ल्या तिघा पंचांकडे, म्हणजे पेटी कुणा एकट्याला उघडता येऊ नये. जुन्या लोकांनी विचार करून केलेली व्यवस्था होती. ती मोडली दोघांच्या आळसाने आणि भोगलं माझ्या भावाने.

माझा भाऊ प्रेमानंद त्या तिघांपैकी एक. वहिनी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, सदर भागातल्या मागच्या गल्लीत. दुसरे पंच नानाजी, त्यांचे गुडघे दुखत. तिसरा मुकुंद, त्याची बुटीबोरीच्या कारखान्यात दुपारची पाळी. उपासना संपली की दोघांनाही घाई.

"तुह्याजवळच ठेव गा किल्ल्या," नानाजी म्हणाले. "तुह्यावर कोण शंका घेते?"

दादाला ते पटत नव्हतं. प्रत्येक सभेत तो म्हणायचा, "मले एकट्याले पेटी उघडाले लावू नका. कोणी तरी सोबत बसा." आमचे पाद्री, पाळकसाहेब, हसून म्हणायचे, "तुमच्यासारखा माणूस असताना आम्हाला काळजी कसली?" मला त्या कौतुकाचा राग यायचा. कौतुक फुकट करता येतं, सोबत बसायला वेळ द्यावा लागतो.

मग कापणीचा सण आला. आमच्याकडे त्या दिवशी एकेक घर उभं राहतं आणि काय देणार ते सगळ्यांसमोर सांगतं. यंदा कब्रस्तानाची पडलेली भिंत बांधायची होती. लोक जोरात होते. एकाने आकडा सांगितला की पुढचा त्याच्यावर चढवायचा, आणि टाळ्या पडायच्या. पुढच्या रविवारी सगळ्यांनी आपापली बंद पाकिटं पेटीत टाकली. पाकिटावर नाव लिहायची आमच्यात पद्धत नाही.

दुपारी दादाने एकट्याने पेटी उघडली. बोललेल्याच्या निम्मेही पैसे निघाले नाहीत.

चोर असं तोंडावर कोणी म्हणालं नाही. म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. लोक फक्त त्याच्याशी कमी बोलू लागले. उपासनेनंतरच्या चहाला त्याच्या बाजूची खुर्ची रिकामी राहू लागली.

"एकेकाले विचार ना, किती टाकले म्हणून," मी घरी म्हटलं. "तू काहून गप बसून राहिला?"

"देवाले दिलेलं माणसानं विचारू नये वं, मेघा."

"मग तुले काहून विचारून राहिले ते?"

तो ताट अर्धं टाकून उठला.

सभा भरली. पाळकसाहेबांनी विचारलं, पेटी उघडताना सोबत कोण होतं? नानाजी खाली बघत राहिले. मुकुंद मोबाईल चाळत होता. माझं डोकं फिरलं. मी उभी राहून म्हटलं, "ज्यानं जेवढं बोललं तेवढं टाकलं, त्यानं हात वर करावा."

एकही हात वर गेला नाही. पाळकसाहेबांनीही ते पाहिलं. ते म्हणाले, "आपण प्रार्थना करू या." सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. दादाने मिटले होते.

प्रार्थनेनंतर ठराव झाला. कोणावर आरोप नाही, पण यापुढे तिन्ही किल्ल्या तीन पंचांकडेच राहतील आणि पेटी तिघांसमोरच उघडेल. दादा इतकी वर्षं हेच मागत होता. ते मिळालं, फक्त दादाची किल्ली त्याच्या जागी आलेल्या गौरांग नावाच्या नव्या पंचाकडे गेली. नानाजींचे गुडघे आता शेवटपर्यंत बसू देतात. मुकुंदने पाळी बदलून घेतली.

भिंत अजून पडलेलीच आहे. वहिनीच्या कबरीवर शेळ्या चरतात.

दादा दर रविवारी चर्चला येतो आणि शेवटच्या बाकावर बसतो. पाकिटावर आता तो आपलं पूर्ण नाव लिहितो, खाली रक्कमही. तेवढ्यावर भागत नाही. घरून निघताना उघडं पाकीट माझ्यापुढे धरतो.

"पाहून घे वं एकदा."

पहिल्यांदा मी ओरडले होते त्याच्यावर. माझ्या सख्ख्या भावाला माझ्यापुढे साक्ष द्यावी लागावी, याचं मला रडू आलं होतं.

आता मी पाहते. पाहिलं म्हणते. मगच तो पाकीट बंद करतो.