किती भरली?

मित्रांनो, देवदर्शन झालं असेल तर जरा मान वर करा. सभामंडपाच्या तुळईला साखळ्यांनी टांगलेली दोन लाकडी पारडी दिसतात ना? तोच मी, जुना तराजू. जत्रा सोडली तर माझ्याकडे कुणी फिरकत नाही. एका पारड्यात कबुतरं बसतात, दुसऱ्यात कुणीतरी सुकलेल्या माळा टाकून ठेवल्या आहेत. तरी अजून अभिमानानं सांगतो, मी खोटं कधी तोललं नाही.

माझी दांडी लोहारानं घडवली आणि माझी उमेदीची वर्षं चाकणच्या कांदा बाजारात गेली. उजाडल्यापासून पोती चढायची, उतरायची, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असायचा, "किती भरलं?" जास्त भरलं की माणसं हसायची, कमी भरलं की गप्प व्हायची. पुढे बॅटरीवरचे काटे आले आणि माझी गरज संपली. आमच्या व्यापाऱ्यानं मला भंगारात न घालता आपल्या गावच्या भैरवनाथाला वाहिलं. तेव्हापासून नवसाची गूळतुला माझ्या वाट्याला आली. एका पारड्यात मूल, दुसऱ्यात तेवढाच गूळ, आणि तो गूळ प्रसाद म्हणून गावाला वाटायचा. कांद्यापेक्षा लेकरं तोलताना मला फार बरं वाटायचं.

त्यातलीच एक तेजस्विनी. तिची आई अनिता कंपनीत दिवसभर उभ्यानं काम करायची. ती पोटुशी राहिली तेव्हा तिच्या सासूनं, भागूबाईंनी, तिची भाकरी अर्ध्यावर आणली. त्यात दुष्टावा नव्हता. "पोटात बाळ थोर झालं की बाळंतपण अडतं," असं त्यांनी त्यांच्या सासूकडून ऐकलेलं होतं. बाळंतपण अडलं नाही, पण पोर दोन किलोसुद्धा भरली नाही. तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. तेव्हा भागूबाई याच मंडपात पदर पसरून म्हणाल्या, "देवा, एवढी जगू दे. हिचं लगीन होईस्तवर दर जत्रंला हिच्याइतका गूळ तोलीन."

पोर जगली. पहिल्या जत्रेला ती पारड्यात बसली आणि गुळाच्या एका लहानशा ढेपेनंच माझी दांडी सरळ झाली. भागूबाईंच्या ते फार मनाला लागलं. मग घरानं चंगच बांधला. दुधात साखर, भाकरीवर तूप-गूळ, आणि वडील रविराज ओव्हरटाइम करून आले की हातात क्रीमच्या बिस्किटांचा पुडा. पोरीचं पोट भरलं तरी एक घास चिऊचा, एक घास काऊचा चालूच. दर जत्रेला ढेपा वाढत गेल्या. मंडपातून आवाज यायचा, "किती भरली, भागूबाई?" आणि त्या ताठ मानेनं म्हणायच्या, "बघा की, जल्मली तवा मूठभर हुती!" लोक टाळ्या वाजवायचे आणि मीही फुशारून जायचो. मी पडलो बाजारातला. जास्त भरलं म्हणजे चांगलं झालं, एवढंच मला ठाऊक.

तेजस्विनी सहावीत गेली त्या वर्षीच्या जत्रेची गोष्ट. देवळाच्या पायऱ्या चढतानाच तिला धाप लागली. पारड्यात बसायला ती लाजत होती. तिच्या मानेवर मागच्या बाजूला काळा, जाडसर पट्टा उमटला होता. भागूबाईंनी तो पाहिला आणि पदराचं टोक ओलं करून चारचौघांत तिची मान खसाखसा घासली.

"एवढी घोडी झालीस, मान घासाया येत न्हाई व्हय?"

"मी रोज घासते गं आजी, निघतच नाही," ती रडवेली होऊन म्हणाली. पोरं हसली. घरी मग उटणं झालं, लिंबू झालं, टाचेची वजरीसुद्धा झाली. मान सोलवटली, पण रंग काही गेला नाही. तो मळ नव्हता, मित्रांनो.

यंदा जत्रेच्या तोंडावर अनिता सासूला घेऊन देवळात आली. घरी बोलायची हिंमत झाली नसावी.

"आत्या, राजगुरुनगरच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीचं रक्त तपासलं. साखर वाढलीय. मानेवरचा काळा पट्टा ही त्याचीच खूण."

"काय बी नको बोलू. साखर म्हाताऱ्यांना हुतीया."

"मला पण तसंच वाटायचं. बाईंनी जन्माला किती भरली ते विचारलं. म्हणाल्या, बारीक जन्मलेल्या लेकराचं शरीर थोडक्यात भागवायला शिकलेलं असतं. त्याला घाईनं फुगवलं की पुढं धोका वाढतो. सगळ्यांनाच होतं असं न्हाई. पण आपल्या तेजूला झालंय."

भागूबाईंनी माझ्या पारड्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आन् माझ्या नवसाचं गं?"

देवाला दिलेला शब्द मोडायचा धीर भागूबाईंना झाला नाही, आणि आजीचं मन मोडायचा धीर तेजस्विनीला झाला नाही. जत्रेच्या दिवशी मानेभोवती ओढणी गुंडाळून ती पारड्यात बसली. ढेपेवर ढेप चढली. "किती भरली?" कुणीतरी सवयीनं ओरडलं. भागूबाई खाली बघून गूळ फोडू लागल्या. गूळ वाटता वाटता कुणीतरी तेजस्विनीच्या हातावरही खडा ठेवून गेलं.

गर्दी पांगल्यावर ती माझ्याखाली मूठ आवळून बसली होती. भागूबाईंनी येऊन तिची मूठ सोडवली, चिकट झालेला खडा काढून घेतला आणि हळूच ओढणी बाजूला केली. मानेवर त्यांनी नुसता हात ठेवला.

"मळ समजून घासली गं म्या. लई दुखलं आसंल."

"हो," तेजस्विनी म्हणाली.

परवाच एक आजोबा दुपट्यातलं एवढंसं बाळ घेऊन आले आणि देवापुढे गूळतुलेचा नवस बोलून गेले. त्या बाळाकडे बघून माझा जीव तुटला. मित्रांनो, पोटुशीला पोटभर जेवू द्या. बारीक जन्मलेलं लेकरू डॉक्टरांना दाखवत राहा आणि त्याच्या चालीनं वाढू द्या. वर्गात कुणाची मान काळी दिसली तर हसू नका. मूल किती भरलं ते मी सांगेन. त्याला दुखतंय का, हे मात्र तुम्हीच विचारायचं.