सतरा नंबरची रेघ

ऑलिव्हच्या पानांनी रक्तदाब उतरतो असं जुनी माणसं सांगत आली होती, आणि ते म्हणणं खरं की नुसतंच जुनं, हे ठरवणं तिचं काम होतं. पानं सावलीत वाळवायची, दळायची, अर्क काढून गाळायचा आणि तपकिरी बाटल्यांत भरायचा. निम्म्या बाटल्यांत अर्क, निम्म्यांत त्याच रंगाचं, तितकंच कडू पाणी. कुणाच्या वाट्याला काय आलं हे ना पिणाऱ्याला ठाऊक, ना देणारीला. ती यादी तिच्या मार्गदर्शक सरांच्या कपाटात, मोहोरबंद लिफाफ्यात. दर गुरुवारी सकाळी चाळीस माणसं येत, बाही वर करून बसत, आणि ती कानाला नळ्या लावून प्रत्येकाचा दाब मोजून त्याच्या आलेखावर एक ठिपका देई.

नात्यातलं माणूस अभ्यासात घ्यायचं नाही असा नियम होता. तिनं तो मोडला. सतरा नंबर म्हणजे तिचा दादा. आईवडिलांच्या माघारी त्यानं तिला वाढवलं, शिकवलं, आणि त्या गडबडीत त्याचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा आणि इतका ओरडायचा, की त्याच्याकडे येणारे आधी घाबरायला शिकत, मग गाडी. गोळ्यांचं नाव काढलं की मात्र पठ्ठ्या कानात बोटं घाली. पाला चालेल म्हणाला, एवढंच तिला पुरलं. जगात तिला तो एकच होता.

पहिल्या गुरुवारी त्याचा वरचा आकडा एकशे शहात्तर भरला. मग एकशे अडुसष्ट, एकशे साठ, एकशे बावन्न. चौथा ठिपका देताना तिला इतका आनंद झाला की तिनं पट्टी घेतली आणि त्या चार ठिपक्यांवरून पेन्सिलनं पुढची रेघ ओढली. एकशे वीसपाशी थांबायचं होतं. पण पट्टी लांब होती, हात सुटलेला होता, आणि रेघ पार कागदाच्या तळाला जाऊन टेकली.

“चिंगे, तुझ्या पाल्यात दम आहे बरं का,” दादा म्हणाला.

आठव्या गुरुवारी एकशे वीस. दोघं लहान मुलांसारखी हसली. नवव्या गुरुवारी एकशे बारा भरले, दहाव्याला एकशे चार, आणि तिचं हसू ओसरलं. दादाला मात्र कसलाच त्रास नव्हता. उलट त्याचं ओरडणं बंद झालं होतं. एका शिकाऊ बाईनं गाडी थेट भिंतीवर घातली, तर हा शेजारी बसून म्हणाला, “होतं असं.”

बाराव्या आठवड्यात सरांनी आलेख पाहिला. “हे आकडे घरी बसून लिहिलेस का गं? माणूस असा उतरत नसतो. कधी भांडून येतो, कधी जिना चढून येतो, ठिपके इकडेतिकडे पडायचेच. ही तर आखलेली रेघ आहे.”

सरांनी स्वतः मोजलं. यंत्र बदलून पुन्हा मोजलं. अठ्ठ्याऐंशी. त्यांनी बाटली काढून घेतली.

बाटलीविना आठवडा गेला, आणि पुढच्या गुरुवारी ऐंशी भरले. तेव्हा तिनं दादाचं नातं कबूल केलं, रागावणं खाली मान घालून ऐकलं, आणि सरांनी लिफाफा फोडला. सतरा नंबरला पहिल्या दिवसापासून कडू पाणी होतं.

औषधच दिलेलं नाही, तर बंद काय करायचं?

तिनं त्याला मीठ चारलं, दिवसाला सहा-सहा कप कडक कॉफी पाजली. इस्पितळात नेलं, तिथे तीन दिवस ठेवून घेतलं आणि घरी पाठवलं. “आमच्या यंत्रांचंच काहीतरी बिघडलंय,” डॉक्टर म्हणाले. “एवढ्या दाबावर माणूस उभा राहत नाही, आणि हे तर जिन्यानं येतात.” तिनं पेन्सिलची रेघ खोडली. कागदावर रेघेचा वळ राहिला, आणि नवा ठिपका त्या वळात जाऊन बसला. तिनं कागद फाडला, तरी आकडा आठानंच उतरला.

एकदा तिनं ठरवून त्याला दुखावलं. माणूस भडकला की दाब चढतो, एवढं शास्त्र तिच्याकडे उरलं होतं. “दादा, आई शेवटपर्यंत तुलाच हाक मारत होती असं मी सांगितलं ना, ते खोटं होतं. एकदाही मारली नाही.”

पूर्वीच्या दादानं कप भिंतीवर फेकला असता. यानं थोडा विचार केला. “असेल. दमली होती बिचारी.”

तिनं लगेच त्याच्या दंडाला पट्टा बांधला. चाळीस. तिला स्वतःची लाज वाटली आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. त्यानं तिला थोपटलं. थोपटणं बरोबर होतं, पण त्यात काहीच नव्हतं.

तेविसाव्या गुरुवारी तिनं त्याला येऊच नको म्हणून बजावलं, आणि तरीही खोलीला आतून कडी घातली. मोजलंच नाही तर भरणार कसं? तो आला, बाहेरच्या बाकावर बसला. सकाळची दुपार झाली. “चिंगे, मी थांबतो, तुझं चालू दे,” एवढंच एकदा म्हणाला. शेवटी तिनंच कडी काढली.

त्यानं बाही वर केली. तिनं पट्टा फुगवला, नळ्या कानाला लावल्या, हवा सोडत गेली. पारा उतरला, उतरून तळाला बसला, तरी कानात टकटक नाही की काही नाही. तिनं पुन्हा फुगवला. मग तिसऱ्यांदा.

“किती गं?”

“शून्य, दादा.”

“वा! म्हणजे बरा झालो की मी.” त्यानं खिशातून हजेरीचं कार्ड काढून तिच्यापुढे सरकवलं. “पुढच्या गुरुवारी येऊ ना?”

शून्याच्या खाली पाऱ्याला जागा नव्हती. तिनं त्याचा हात धरला. तो गार नव्हता. ऊनही नव्हता. टेबलाइतकाच होता. तो तसाच धरून ठेवून, दुसऱ्या हातानं तिनं कार्डावर पुढची तारीख लिहिली.