अष्टमीचं पाणी

"बाई, मुंबईच्या कॉलेजात कुणी तुम्हाला मासळीचा वास येतो म्हणालं का?"

सलोनीनं भर वर्गात पाहुण्यांना विचारलं. हे विचारून दाखव अशी तिच्याशी पैज लावणाऱ्या हिना आणि तेजल बाकाखाली तोंड लपवून बसल्या. मुख्याध्यापकांना कुठं बघावं कळेना. पाहुण्या होत्या डॉ. येसू पागधरे, जवळच्याच दांडी गावच्या मच्छीमाराची मुलगी, आता इतिहासातलं मोठं नाव.

बाई खळखळून हसल्या. "म्हणाले की! नाक धरून म्हणाले. तुला म्हणतात?"

सलोनीनं हळूच मान डोलावली. हे काही पैजेत नव्हतं.

"मग ऐक. तीनशे वर्षांपूर्वीचा एक तह. तो करायला दूत समुद्रमार्गे निघायचा होता, पण चार दिवस खाडीतच थांबला. सगळे विद्वान म्हणायचे, राजाचा डाव होता. मी त्या दिवसाची तिथी काढली. अष्टमी! भांगाचं पाणी, भरती अगदीच कमी. मचव्यासारखी मोठी, भरलेली होडी खाडीबाहेर काढायची कशी? होडीचा तांडेल, तिचा मुख्य खलाशी, नको म्हणाला, म्हणून अख्खं राज्य थांबलं."

"मग विद्वानांनी ऐकलं?"

"दहा वर्षं हसले. आता त्यांचेच विद्यार्थी दरबारातलं राजकारण वाचताना आधी विचारतात, होडी कोण चालवत होतं? ओझं कोण वाहत होतं? त्यांनी नाही म्हटलं असतं तर?" बाई सलोनीजवळ आल्या. "पुढं काय करणार?"

"सायन्स. बाबांनी बोईसरला क्लास लावलाय. मग कंपनीत, लॅबमध्ये."

"आवडतं?"

सलोनीनं उलट विचारलं, "बाई, इतिहास शिकायला काय घ्यावं लागतं?"

संध्याकाळी आई अंगणात वाळत घातलेले बोंबील उलटत होती, बाबा फाटलं जाळं सांधत होते. सलोनी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"मी सायन्सला नाय जाणार."

बाबांचे हात थांबले. "येडी झालीस काय? मंग काय करशील?"

"इतिहास."

"त्याला नोकरी कोण देतं?"

"ते मला अजून ठाव नाय."

आईनं पदरानं हात पुसले. "पोरी, या वासातून तुला भायेर काढायला तं आमी मरमर करतो."

सलोनीनं आईचे मासळीच्या वासाचे हात आपल्या हातात घेतले.

"मला भायेर नको काढू, आई. मी आर्ट्स घेणार. आपल्या लोकांचा इतिहास शिकणार. ठरलंय माझं."