एका दुकानाचे दोन अर्ज

दुकान एकच होतं, पण त्याला दारं दोन होती आणि मधोमध प्लायवुडची भिंत. अलीकडे थोरला वॉशिंग मशिन दुरुस्त करायचा, पलीकडे धाकटा पंखे आणि मिक्सर. सख्खे भाऊ, पण एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते. कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. धाकटा एक मोटर बसवत होता. ती थोरल्यानं गिऱ्हाइकासमोर त्याच्या हातातून काढून घेतली आणि "हो बाजूला, तुला नाही जमायचं" म्हणत स्वतः बसवली. पुढच्याच आठवड्यात धाकट्यानं भिंत घालायला सुतार आणला.

वाटणीत वस्तू घट्ट पकडून ठेवायचा लोखंडी वाईस थोरल्याकडे राहिला आणि ड्रिल मशिन धाकट्याकडे गेलं. आता वाईसशिवाय धाकट्याचं पान हलेना आणि ड्रिलशिवाय थोरल्याचं. मग त्याच सुताराला परत बोलावून भिंतीला खाली एक चौकोनी भोक पाडून घेतलं. काम अडलं की प्लायवुडवर दोनदा टकटक करायची, खडूनं खूण केलेली वस्तू भोकातून सारायची, की पलीकडचा हात ती घेणार आणि काम करून परत देणार. कंटाळून कधी कोणी काम अडवलं नाही, की कधी कोणी तोंड उघडलं नाही. हट्ट असा असतो, काय सांगावं!

धंद्याचे मात्र तीनतेरा वाजले होते. नव्या मशिनचा पार्ट गेला की कंपनी तो फक्त स्वतःच्या सर्व्हिस सेंटरला द्यायची. थोरल्याला बिघाड सापडायचा, पार्ट मिळायचा नाही आणि मशिन जसंच्या तसं टेम्पोत परत चढायचं. त्या वेळी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे त्याला बघवत नसे. शेवटी नाइलाजानं त्यानं त्याच कंपनीच्या सेंटरमध्ये नोकरी धरायचं ठरवलं. कंपनीचा निळा शर्ट आणि टोपी घरी आली, त्या दिवशी तो जेवला नाही. उभा जन्म स्वतःच्या दुकानात गेलेला माणूस, त्याला त्या टोपीचं ओझं झालं.

अशात केंद्र सरकारचा नवा नियम आला. कंपन्यांनी अस्सल पार्ट छोट्या दुरुस्तीवाल्यांनाही विकायचे, नाही म्हणायची सोय नाही. थोरल्याच्या जिवात जीव आला. पण नियम म्हटला की अट आलीच. दुकानाची नोंदणी हवी आणि जागा किमान दोनशे चौरस फूट. त्याच्या वाट्याला जेमतेम शंभर. त्यानं डोकं खाजवलं, भिंतीकडे बघितलं आणि अख्खं दुकान आपलंच दाखवून अर्ज ठोकून दिला. इथे तपासायला कोण मरायला येतंय!

तपासायला एक बाई आल्या. हातात फाइल, गळ्यात ओळखपत्र. रस्त्यात उभं राहून त्यांनी दोन्ही दारांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"हे दुकान कोणाचं?"

"माझं," थोरला म्हणाला.

"माझं," पलीकडच्या दारातून धाकटा म्हणाला.

"अस्सं," बाई म्हणाल्या. "म्हणून एकाच जागेचे दोन अर्ज आलेत होय! दोघांनीही शेजाऱ्याची जागा गिळलीय, आणि ढेकरही दिलेला नाही."

थोरला पुरता सापडला होता. तरी आतून त्याला हसू फुटत होतं. धाकट्यानं लबाडी केली ती हुबेहूब त्याच्यासारखी. शेवटी एकाच आईची पोरं.

"खरं म्हणजे दोन्ही अर्ज मी फेटाळायला हवेत," बाई म्हणाल्या. "पण अजून मी आत पाऊल टाकलेलं नाही. पुढच्या गल्लीतली दुकानं बघून येते. परत आल्यावर एक दुकान दिसलं, तर दोघांचा मिळून एक अर्ज करून घेईन. भिंत दिसली, तर मला काही करता येणार नाही."

त्या गेल्या. थोरल्याची बायको डबा घेऊन दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"वहिनी," धाकटा म्हणाला, "त्यांना सांगा, आधी भिंतीचा रॅक सरकवावा लागेल."

"माझी जीभ झिजली तुमचे निरोप देऊन. भाऊ समोर उभा आहे, त्यालाच सांगा!" असं म्हणून ती डबा ठेवायला आत गेली.

थोरल्यानं रॅक ओढला. पलीकडून स्क्रू निघू लागले. भिंत आडवी झाली, धूळ खाली बसली आणि थोरल्याला धाकट्याचं दुकान पहिल्यांदाच आतून दिसलं. कोपऱ्यात खिळ्याला तसाच कंपनीचा निळा शर्ट टांगलेला होता, एकदाही अंगात न घातलेला. वर टोपी. आपला धाकटा भाऊ हातभर अंतरावर तेच दुःख गिळत बसला होता आणि आपल्याला पत्ता नव्हता. तो झाडू घेऊन धूळ लोटत राहिला. बाई आल्या, टेप लावून जागा मोजली, दोघांच्या सह्या घेतल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "भिंतीचं प्लायवुड चांगलं आहे. टेबल करा."

त्यांनी टेबल केलं.

काही दिवसांनी पार्टांचं पहिलं पार्सल आलं. टेम्पोत परत गेलेलं एक मशिनही आलं आणि मालक ते बघत समोर उभा राहिला. नव्या मोटरच्या पट्टीला ड्रिल मारून धाकटा ती घेऊन आला. भिंतीच्या जागी येताच तो थबकला आणि सवयीनं टेबलावर दोनदा टकटक केलं. थोरल्याचा हातही सवयीनं मोटर घ्यायला खाली गेला.

मग त्यानं तो मागे घेतला.

"तूच बसव," तो म्हणाला. "मी नुसती धरतो."

धाकट्यानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकाकडे.

"घट्ट धर, दादा," तो म्हणाला आणि पान्हा उचलला.